चार मीटरच्या आतली गाडी: जालन्याच्या रस्त्यावर कोणती टिकते?

जालन्याच्या कापड बाजारात संध्याकाळी गिऱ्हाईक ओसरले की शेजारचे दोन-चार दुकानदार आमच्या ओट्यावर येऊन बसतात. चहा येतो. सुरतेचा भाव, भिवंडीची उधारी, पावसाचा अंदाज असे विषय फिरत फिरत शेवटी गाडीवर येऊन थांबतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी कमी झाला, तेव्हापासून तर हा विषय रोजचाच झाला आहे. कुणाचा मुलगा म्हणतो नेक्सॉन घ्या, कुणाचा जावई म्हणतो ब्रेझा सोडून दुसरीकडे बघूच नका. कुणाला व्हेन्यू हवी, कुणाला सोनेट, तर कुणाला महिंद्राची थ्री एक्स ओ. गाडीमालकाला विचारावे, तर आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे! ज्याच्या दारात जी उभी, तीच जगात चांगली.

हा विषय नुसत्या गप्पांचा नाही. आपल्यातले बरेच व्यापारी आणि कारागीर व्याजाच्या हप्त्यावर गाडी घेत नाहीत. पाच-सहा वर्षे पैसा बाजूला टाकायचा, जुनी गाडी विकायची, घरातल्यांकडून थोडे हातउसने घ्यायचे आणि रोखीने व्यवहार करायचा, अशी त्यांची रीत असते. आठ-दहा लाखांची रक्कम धंद्यातून काढून लोखंडात घातल्यावर निवड चुकली, तर ती पुढच्या कित्येक हंगामांपर्यंत भरून निघत नाही. म्हणून गेले वर्षभर आम्ही ओळखीच्या गाडीमालकांना आणि गॅरेजवाल्यांना नीट विचारत गेलो. जे कळले ते येथे मांडत आहोत. आम्ही इंजिनिअर नाही, कापडवाले आहोत. पण कापड हाताने चाचपून बघायची सवय असलेल्या माणसाला दुसरा माल तपासायलाही ती सवय उपयोगी पडते.

प्रथम ही गाडी म्हणजे काय ते समजून घेऊ. हिला क्रॉसओव्हर म्हणतात. दिसायला जीप, पण पोटात मोटार. जुन्या जीपसारखी वेगळी मजबूत चौकट खाली आणि डबा वर, अशी हिची रचना नसते. साध्या मोटारीप्रमाणे सगळा सांगाडा एकच असतो, फक्त उंची वाढवलेली असते. या साऱ्या गाड्यांत इंजिनाची ताकद पुढच्या दोन चाकांनाच मिळते. हे मुद्दाम सांगायचे कारण असे की, जाहिरातीत ही गाडी डोंगर चढताना दाखवतात आणि आपले लोक तिला जीप समजून घनसावंगी-मंठ्याकडच्या काळ्या मातीत पावसाळ्यात घालतात. तेथे ती साध्या मोटारीसारखीच रुतते. उंचीचा फायदा खड्ड्यात आणि गतिरोधकावर होतो, चिखलात नव्हे. नेक्सॉनचे पोट जमिनीपासून सुमारे २०८ मिलिमीटर, ब्रेझाचे १९८. एवढ्या फरकाने कुणी चिखलातून वर येत नाही.

दुसरी गोष्ट लांबीची. या सर्व गाड्या ३९९५ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे चार मीटरला थोडक्यात कमी, कशा काय भरतात? याचे उत्तर सरकारच्या करात आहे. २००६ च्या अंदाजपत्रकात चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या आणि लहान इंजिनाच्या गाड्यांवरचे उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आणले गेले. अट अशी की, पेट्रोलचे इंजिन १२०० सीसीच्या आत आणि डिझेलचे १५०० सीसीच्या आत हवे. तेव्हापासून कंपन्यांनी जीपगाडीलाही कात्री लावली. या मापात बसणारी पहिली म्हणजे २००९ ची प्रीमिअर रिओ. ती आपल्याच चिंचवडला तयार होत असे, पण बाजारात फारशी चालली नाही. २०१३ साली फोर्डची इकोस्पोर्ट आली आणि लोकांना ही चीज कळली. मग २०१६ मध्ये मारुतीची ब्रेझा, २०१७ मध्ये टाटांची नेक्सॉन, २०१९ मध्ये ह्युंदाईची व्हेन्यू आणि महिंद्राची एक्सयूव्ही ३००, २०२० मध्ये कियाची सोनेट. महिंद्राची ती गाडी २०२४ पासून थ्री एक्स ओ या नावाने मिळते. स्कोडाची कायलाक ही यात सर्वांत उशिरा आलेली.

व्यापारी माणसाला कराचा हिशेब लवकर कळतो, म्हणून तो आधी. सप्टेंबर २०२५ पूर्वी छोट्या पेट्रोल गाडीवर २८ टक्के जीएसटी आणि १ टक्का उपकर, डिझेलवर २८ आणि ३ असे लागत होते. आता दोन्हीवर १८ टक्के लागतात. परंतु छोटी कोणती, याची व्याख्या तीच जुनी राहिली: लांबी आणि इंजिन दोन्ही मापात हवेत. नेक्सॉन, व्हेन्यू, सोनेट, थ्री एक्स ओ, कायलाक या सर्व त्यात बसतात. ब्रेझा मात्र लांबीत बसते आणि इंजिनात बसत नाही. तिचे पेट्रोल इंजिन १४६२ सीसीचे आहे. म्हणून तिच्यावर पूर्वी उपकरासह ४५ टक्के होते आणि आता ४० टक्के आहेत. दोन गाड्या शेजारी उभ्या केल्या तर टेपने मोजूनही फरक दिसणार नाही, पण एकीच्या मूळ किमतीवर सरकारचा कर १८ आणि दुसरीच्या मूळ किमतीवर ४० टक्के. तरीही ब्रेझा विकली जाते. गिऱ्हाईक जादा कर भरून ती का घेतो, हे समजले की भरवशाचा अर्धा प्रश्न सुटतो. त्याकडे पुढे येऊ.

कराचाच आणखी एक मुद्दा. दुकानाच्या नावाने गाडी घेतली म्हणजे जीएसटीचा परतावा मिळेल, असे अनेकांना वाटते. तसे नाही. तेरापर्यंत आसनांच्या प्रवासी गाडीवर भरलेल्या जीएसटीची वजावट कापडवाल्याला, किराणावाल्याला किंवा सुताराला मिळत नाही. ती गाड्या विकणाऱ्यांना, प्रवासी वाहतूक करणाऱ्यांना आणि ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांना मिळते. आयकरात घसाऱ्यापोटी सर्वसाधारणपणे वर्षाला १५ टक्के मिळतात, पण तेही पूर्ण हिशेब ठेवणाऱ्याला. अंदाजी नफ्यावर कर भरणाऱ्या छोट्या व्यापाऱ्याला ही वजावट वेगळी मिळत नाही. शोरूममधला विक्रेता 'सेठ, टॅक्समध्ये सुटेल' म्हणाला की आधी आपल्या करसल्लागाराला फोन लावावा.

किती दिवस उभी राहते?

आता मुख्य गोष्ट. नव्या जालन्यातले एक जुने मिस्त्री आमचे गिऱ्हाईक आहेत. अॅम्बॅसडरपासून आजच्या गाड्यांपर्यंत सारे त्यांच्या हाताखालून गेले. आम्ही त्यांना विचारले, "उस्ताद, यातली भरवशाची कोणती?" ते म्हणाले, "गाडी किती पळते ते मालक सांगेल, सेठ. ती वर्षात किती दिवस उभी राहते ते त्याला विचारा. मालक तेथे अडखळतो."

आम्ही तसेच विचारायला लागलो आणि मालकांची भाषाच बदलली. 'एकदम टकाटक' म्हणणारा गृहस्थ बोटे मोजू लागतो: दोन दिवस सर्व्हिसिंग, मग तो दिवा लागला तेव्हा चार दिवस, मग सुटा भाग पुण्याहून यायचा होता तेव्हा... गाड्यांची नावे आम्ही येथे मुद्दाम देत नाही, कारण एका माणसाच्या एका गाडीवरून कंपनीला चांगले-वाईट ठरवणे इन्साफाचे होणार नाही. शिवाय ऐकता ऐकता आमच्या लक्षात आले की फरक कंपनीत कमी आणि इंजिन, गिअर व रोजचा वापर यांच्या मेळात जास्त आहे. एकाच नावाच्या दोन गाड्या, एकीचा मालक खूश आणि दुसरीचा कपाळाला हात लावून बसलेला, हे आम्ही दोन-तीन ठिकाणी पाहिले.

डिझेलचेच पाहा. हार्डवेअरचे दुकान असलेल्या आमच्या एका मित्राने डिझेल गाडी घेतली. घर जुन्या जालन्यात, दुकान कुंडलिका नदीच्या पलीकडे. दिवसातून चार फेऱ्या, प्रत्येक फेरी दोन-अडीच किलोमीटरची. आठ महिन्यांत समोर पिवळा दिवा लागला. गाडी छत्रपती संभाजीनगरला न्यावी लागली, तीही तीन वेळा. त्याच वर्षी, त्याच कंपनीची तीच गाडी अंबडकडच्या एका मोसंबीच्या व्यापाऱ्याने घेतली होती. त्यांची धाव रोज शंभर-दीडशे किलोमीटर. त्यांना तो दिवा काय असतो हेच ठाऊक नाही.

याचे कारण असे आहे. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम लागू झाले. त्यासाठी डिझेल गाडीच्या धुराच्या नळीत एक गाळणी बसवलेली असते. काजळी तिच्यात साचते. ती जाळून टाकण्यासाठी नळी खूप तापावी लागते आणि तशी ती तापते सलग पंधरा-वीस मिनिटे रस्त्यावर बऱ्या वेगाने धावल्यावरच. बाजारातल्या दोन किलोमीटरच्या फेरीत ती कोमटही होत नाही. काजळी साचत जाते आणि गाळणी तुंबते. उपाय महागडा नाही. आठवड्यातून एकदा अर्धा तास हमरस्त्यावर सलग चालवली तर बहुतेकदा भागते. पण ही गोष्ट गाडी घेताना कुणी सांगत नाही. काही डिझेल गाड्यांत युरियाचे द्रावण वेगळ्या टाकीत भरावे लागते, तेही विचारून घ्यावे. ज्याचा रोजचा रस्ता लांबचा आहे त्याने डिझेल घ्यावे. गावातल्या गावात फिरणाऱ्याने डिझेलच्या मागे लागू नये, मग मायलेजचा आकडा कितीही गोड असो.

याच नियमामुळे मारुतीने डिझेल सोडले. २०१६ ते २०२० या काळातली ब्रेझा फक्त डिझेलची होती आणि तिच्यात फिआटने काढलेले १.३ लिटरचे इंजिन होते. हेच इंजिन स्विफ्टमध्ये, डिझायरमध्ये, टाटांच्या गाड्यांत आणि फिआटच्या स्वतःच्या गाड्यांत होते. रांजणगावच्या कारखान्यातही ते तयार होत असे. इतक्या गाड्यांत गेल्यामुळे झाले असे की, परतूर-भोकरदनचा मिस्त्रीसुद्धा ते डोळे मिटून उघडू शकतो आणि त्याचे सुटे भाग कुठेही मिळतात. आमच्या मते टिकाऊपणाचा हाच मोठा अर्थ आहे. बिघडत नाही असे यंत्र नाही. बिघडल्यावर जे जवळच्या माणसाच्या हातून, जवळच्या दुकानातल्या भागाने सुरू होते, ते भरवशाचे.

आता टर्बोची गोष्ट. १२०० सीसीच्या आत राहून ताकद हवी म्हणून कंपन्यांनी पेट्रोल इंजिनाला टर्बो लावला. धुराच्या जोरावर फिरणारे एक छोटे चक्र इंजिनात जास्त हवा कोंबते. नेक्सॉनच्या ११९९ सीसीच्या इंजिनात टर्बो आहे, थ्री एक्स ओत आहे, व्हेन्यू आणि सोनेटच्या एक लिटरच्या प्रकारात आहे, कायलाकमध्ये आहे. ब्रेझाचे इंजिन मोठे, पण साधे, बिनटर्बोचे. व्हेन्यू आणि सोनेटमध्येही १.२ चे साधे इंजिन मिळते. टर्बोवाली गाडी भरलेली असतानाही ओढते, समृद्धीवर पुढच्याला ओलांडताना धाप लागत नाही. साधे इंजिन पाच माणसे आणि डिक्कीत माल असला की चढावर सुस्तावते. पण ते तेलाच्या बाबतीत माफ करते. टर्बो माफ करत नाही. ते चक्र अतिशय वेगाने फिरते, भयंकर तापते आणि त्याचे सारे आयुष्य इंजिन ऑइलवर असते. ऑइल बदलण्याची मुदत दोन-तीन हजार किलोमीटर पुढे ढकलायची आपली जुनी खोड येथे महागात पडते. लांबच्या वेगवान धावेनंतर किल्ली लगेच न फिरवता मिनिटभर इंजिन चालू ठेवावे, असेही मिस्त्री सांगतात. जादा कर भरून लोक ब्रेझा का घेतात याचे उत्तर आम्हाला येथे मिळाले. साधे इंजिन, गावोगाव मिस्त्री आणि विकताना मिळणारा भाव. तिच्या पेट्रोल मालकांपैकी तिच्या ओढण्याचे कौतुक करणारा आम्हाला भेटला नाही, आणि ती उभी राहिल्याची तक्रार करणाराही फारसा भेटला नाही.

क्लच नसलेल्या गाडीबद्दल थोडे. वयाबरोबर गुडघे दुखू लागतात, त्यामुळे आमच्यासारख्यांना हिचा मोह होतो. पण 'ऑटोमॅटिक' या एका शब्दाखाली वेगवेगळी यंत्रे विकली जातात. एकात साधाच गिअर असतो, फक्त क्लच यंत्र दाबते. हा स्वस्त पडतो, मायलेज राखतो आणि गिअर बदलताना डोके हलवतो. दुसऱ्यात तेलातून ताकद जाते. ब्रेझा, कायलाक, थ्री एक्स ओचे पेट्रोल आणि सोनेटचे डिझेल यांत हा प्रकार मिळतो. थोडे पेट्रोल जास्त पितो, पण गर्दीत सहनशील. तिसरा दोन क्लचचा. व्हेन्यू आणि सोनेटच्या टर्बो पेट्रोलमध्ये आणि नेक्सॉनच्या वरच्या पेट्रोल प्रकारात तो मिळतो. चालवायला सर्वांत मजेदार. त्यातही सुका आणि तेलात बुडालेला असे दोन भेद आहेत. सुक्याला हवेशिवाय थंडावा नाही.

पेरणीच्या दिवसांत बियाणांच्या बाजारात काय गर्दी असते ते जालनेकरांना सांगायला नको. आमचे एक बियाणेवाले स्नेही अशीच दोन क्लचची गाडी घेऊन जूनमध्ये मोंढ्याच्या गर्दीत अर्धा तास इंच इंच सरकत होते. पाय ब्रेकवरून किंचित उचलायचा, पुन्हा ठेवायचा. समोर सूचना आली की गिअर तापला आहे, थांबा. ट्रॅक्टर पुढे, छोटा हत्ती मागे, थांबणार कुठे? गाडीचा दोष नव्हता. गर्दीत सरकवत नेल्याने क्लच अर्धवट घासत राहतो आणि तापतो, हे माहितीपुस्तिकेतही लिहिलेले असते. पण ती पुस्तिका असते इंग्रजीत आणि पडून असते डॅशबोर्डच्या कप्प्यात, वेष्टनासकट.

आमचे स्वतःचे दिवस कुठे गेले ते सांगितले पाहिजे, नाहीतर दुसऱ्याचीच झाकली मूठ उघडल्यासारखे होईल. आमची गाडी चार वर्षांत दोनदा उभी राहिली. एकदा समोरचा पडदा काळा झाला. गाणी, नकाशा, मागचा कॅमेरा सारे त्यातच. भाग यायला अकरा दिवस लागले. इंजिन ठणठणीत होते, पण मागे घेताना कॅमेऱ्याची सवय लागलेल्या मुलाने त्या दिवसांत गोदामाच्या खांबाला मागचा बंपर लावला. दुसऱ्यांदा उंदरांनी वायर खाल्ल्या. कापडाचे गोदाम म्हटले की उंदीर आलेच, आणि आजच्या गाडीत वायरींचे जाळे पूर्वीच्या कितीतरी पट. एक बारीक वायर तुटली की गाडी सुरूच होत नाही. आजच्या गाडीचे इंजिन सहसा दगा देत नाही. दगा देतात ते सेन्सर, वायरी, पडदे. जितकी सोय जास्त तितके उभे राहण्याचे कारण जास्त. विमा घेताना उंदराने केलेले नुकसान पॉलिसीत धरले आहे का, हे विचारून घ्यावे. आम्ही विचारले नव्हते.

समृद्धी आणि तारे

नागपूर ते शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला आणि ५ जून २०२५ रोजी इगतपुरीपासून आमणेपर्यंतचा शेवटचा तुकडा खुला झाल्यावर ७०१ किलोमीटरचा पूर्ण रस्ता चालू झाला. जालना त्याच्या वाटेवरच आहे. पूर्वी भिवंडीला जायचे म्हणजे रात्रभराचा प्रवास. आता माल बघून त्याच दिवशी परत येता येते. त्यामुळे गाडीकडून अपेक्षाही बदलल्या. पूर्वी खड्डे सोसणारी हवी होती, आता ताशी १२० किलोमीटरच्या मर्यादेत तासन्‌तास धावणारीही हवी.

येथे सुरक्षेचा प्रश्न येतो. डिसेंबर २०१८ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत नेक्सॉनला पाच तारे मिळाले. भारतात तयार झालेल्या गाडीला पाच तारे मिळण्याची ती पहिलीच वेळ. त्याच वर्षी ब्रेझाला चार मिळाले होते. २०२० मध्ये एक्सयूव्ही ३०० ने पाच मिळवले. ऑक्टोबर २०२३ पासून आपल्या देशाची स्वतःची भारत एनकॅप चाचणी सुरू झाली आणि तिच्यात नेक्सॉन, थ्री एक्स ओ आणि कायलाक यांना पाच तारे आहेत. या ताऱ्यांनी गिऱ्हाइकाचे डोळे उघडले हे खरेच. पूर्वी दार वाजवून पत्रा जाड की पातळ ते बघत. मात्र दोन गोष्टी ध्यानात असाव्यात. तारे म्हणजे टिकाऊपणा नव्हे. पाच ताऱ्यांची गाडीही सुट्या भागासाठी पंधरा दिवस उभी राहू शकते. आणि समोरून धडकेची ती चाचणी ताशी ६४ किलोमीटरवर होते. १२० वर टायर फुटला तर तारे मोजायला कुणी राहत नाही.

म्हणून समृद्धीवर चढण्याआधी टायर बघावेत. रस्ता काँक्रीटचा, मे महिन्यातले मराठवाड्याचे ऊन, गाडीत पाच माणसे आणि डिक्कीत तागे. कमी हवेचा टायर अशा वेळी आतून भाजून निघतो. डिक्कीचे आकडे लिटरमध्ये देतात: नेक्सॉन पेट्रोल ३८२, ब्रेझा ३२८, कायलाक ४४६. हे आकडे जागेचे झाले, वजनाचे नव्हे. जागा आहे म्हणून कापड ठासले की मागची बाजू दबते, पुढची चाके हलकी होतात, आणि या गाड्या पुढच्याच चाकांवर चालतात आणि वळतात. (खाजगी गाडीतून धंद्याचा माल नेणे नियमात बसते का, हा प्रश्न आम्ही येथे उघडत नाही. वाचकांना तो ठाऊक आहे.) सीएनजीवाल्यांनी डिक्की उघडूनच सौदा करावा. ब्रेझाच्या सीएनजी प्रकारात टाकी डिक्कीची बहुतेक जागा खाते. नेक्सॉनमध्ये दोन लहान टाक्या खाली बसवल्यामुळे ३२१ लिटर जागा उरते. आमच्या धंद्याला हा फरक टर्बोपेक्षा मोठा.

सुट्या भागांबद्दल एक गैरसमज आहे. नेक्सॉन रांजणगावला तयार होते, थ्री एक्स ओ नाशिकला, कायलाक चाकणला, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेली नवी व्हेन्यू तळेगावला. म्हणजे आपल्याच राज्यात. त्यामुळे लोकांना वाटते की भाग लवकर मिळत असेल. कारखान्याचे अंतर आणि भागाचे अंतर यांचा संबंध नाही. भाग गोदामातून येतो आणि डीलरने तो मागवून ठेवला असेल तरच वेळेवर येतो. गाडी ठरवण्यापूर्वी जालन्यातच अधिकृत सर्व्हिसिंग आहे की साठ किलोमीटरवर संभाजीनगरला जावे लागेल, ते पाहावे. मग त्या वर्कशॉपच्या फाटकाशी सकाळी अर्धा तास उभे राहावे. गाडी घ्यायला आलेले मालक जे बोलतात ते कुठल्याही शोरूममध्ये ऐकायला मिळत नाही.

तळेगावचा तोच कारखाना पूर्वी शेवरोले गाड्यांचा होता. जनरल मोटर्सने २०१७ च्या अखेरीस भारतात गाड्या विकणे बंद केले आणि पुढे ह्युंदाईने तो विकत घेतला. सप्टेंबर २०२१ मध्ये फोर्डनेही येथे गाड्या बनवणे थांबवत असल्याचे जाहीर केले, आणि या सगळ्या प्रकाराची सुरुवात करून देणारी इकोस्पोर्ट त्यात गेली. फोर्डने सर्व्हिस आणि सुटे भाग पुढे चालू ठेवण्याचे सांगितले, पण जुन्या बाजारात भाव पडायचा तो पडलाच. रोखीने घेणाऱ्याचे पुढच्या गाडीचे भांडवल म्हणजे याच गाडीची विक्री. तेव्हा कंपनी दहा वर्षांनी येथे असेल का, हाही टिकाऊपणाचाच प्रश्न आहे.

जुनी घेणाऱ्या कारागीर बंधूंसाठी दोन शब्द. २०२० पूर्वीचे डिझेल घेताना मिस्त्री बरोबर न्यावा. २०२३ पूर्वीचे पेट्रोल घेताना हे लक्षात ठेवावे की आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते, आणि त्यासाठी योग्य साहित्य वापरलेल्या गाड्या एप्रिल २०२३ पासून येऊ लागल्या. जुनीत मायलेज थोडे घटते हे सरकारही मान्य करते. रबरी नळ्या तपासून घ्याव्यात. ऑइल बदलल्याच्या नोंदी असलेले पुस्तक नसेल तर टर्बो गाडीला हात लावू नये.

राहिला दिसण्याचा प्रश्न. तो हलका समजू नये. उंच आसनावर बसले की म्हाताऱ्या आई-वडिलांना वाकावे लागत नाही, सरळ बसता येते, आणि या गाड्या खपण्याचे हे खरे कारण आहे असे आम्हाला वाटते. लग्नाच्या दारात गाडी शोभली पाहिजे, हेही खरे. मुलांना वरून उघडणारे छत हवे असते. जालन्याच्या उन्हात ते वर्षातून किती दिवस उघडते ते पाहावे. छत आणि अलॉय चाके यांसाठी वरचे मॉडेल घेण्यापेक्षा मधले घ्यावे. अलॉयवाल्या गाडीत स्टेपनी बहुधा साध्या लोखंडी रिमची, कधी मापानेही लहान असते, हे आम्हाला परतूरच्या रस्त्यावर टायर फाटल्यावर कळले. तेथून घरापर्यंत चाळीसच्या वेगाने आलो.

आमच्या ओळीतल्या शेजाऱ्याने शेवटी मधल्या मॉडेलचे साधे पेट्रोल, हाताच्या गिअरचे घेतले. त्यांचा रोजचा रस्ता सहा किलोमीटरचा, महिन्यातून एकदा मालेगाव. मुलगा टर्बोसाठी तीन दिवस रुसला होता. हार्डवेअरवाले मित्र आता दर शुक्रवारी दुपारनंतर समृद्धीवर एक फेरी मारून येतात. दिवा पुन्हा लागलेला नाही.

ज्यांचा सौदा ठरला आहे त्यांनी गाडी ताब्यात घेण्यापूर्वी ती कोणत्या महिन्यात तयार झाली ते पाहावे. चासीवरच्या पट्टीवर ते असते आणि डीलरने कागदावर लिहून द्यायला हरकत नसावी. जानेवारीत मिळणारी मोठी सूट बहुधा गेल्या वर्षी तयार झालेल्या गाडीवर असते. विकताना घेणारा ते वर्ष धरतो, आपण पैसे भरलेले वर्ष धरत नाही. तेव्हा त्या एका वर्षाचा फरक आधी वजा करावा आणि मग सूट किती उरते ते मोजावे.